सूर्याच्या कडेचं ऊन

पेट्रोल पंपावर माझ्यापुढे चार गाड्या होत्या आणि यंत्रावरचा आकडा काही केल्या दिसत नव्हता, कारण सूर्य नेमका त्या यंत्राच्या डोक्यावर येऊन बसला होता. जानेवारीतली सकाळ, दहा वाजत आलेले, यवतमाळची थंडी अजून अंगातून गेलेली नाही. मी सहज हात लांब करून अंगठा वर धरला आणि त्याच्या आड सूर्य लपवला, लहान मुलं एक डोळा मिटून लपवतात तसा. सूर्य गेला, पण उजेड गेला नाही. निळं आकाश अंगठ्याच्या कडेला येऊन भिडायला हवं होतं, तिथे भाताच्या पेजेसारखं पांढरट काहीतरी सांडलं होतं, दोन्ही बाजूंनी चांगलं चार-चार बोटं. मी अंगठा हलवला, पुन्हा नेमका धरला. तेच. जिन्याला अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. मागच्याने हॉर्न वाजवला. पंपावरचा माणूस नळी हातात धरून म्हणाला, "काय पाहून राह्यल्या मॅडम? ग्रहण लागलं काय?" मी म्हटलं, "नाही. टाकी भरा," आणि टाकीचं झाकण उघडायलाच विसरले.

गंमत अशी की हा सांडलेला उजेड हीच माझी नोकरी आहे. तीन वर्षं मी त्याचंच गणित करते आहे आणि एकदाही मान वर करून तो पाहिलेला नव्हता. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. चारुदत्त सर, मी आणि बिघडलेला एक वॉटर कूलर. कुठे किती ऊन पडतं ते आम्ही मोजतो आणि ज्यांना उन्हाची वीज करायची आहे त्यांना सांगतो. आर्णीजवळच्या माळावर एका कंपनीला आरशांचा प्रकल्प उभारायचा आहे. घरांच्या गच्चीवर दिसतात ती काळी पॅनेल नव्हेत. त्यांना कुठूनही आलेलं ऊन चालतं. हे वाकवलेले आरसे, सूर्याकडून थेट आलेलं ऊन एका नळीवर गोळा करणारे. आरसा फार सोवळा असतो. सूर्याच्या बिंबातून सरळ आलेला किरण तो पत्करतो, पण हवेतल्या धुळीला-धुराला धडकून जरा वाकडी वाट केलेला, सूर्याच्या कडेकडेने येणारा किरण त्याच्या नळीला लागतच नाही, बाजूने निघून जातो. म्हणून माळावर आम्ही दोन मोजनळ्या बसवल्या, दिवसभर सूर्याकडे तोंड करून फिरणाऱ्या एका यंत्राच्या हातावर, शेजारी शेजारी. एकीचं तोंड रुंद. तिला सूर्य आणि त्याच्या भोवतीचं, सूर्याच्या दहापट रुंदीचं गोल आकाश दिसतं. दुसरीचं अरुंद, तिला जवळजवळ सूर्यच दिसतो, आरशाला दिसतो तेवढा. दोघींच्या आकड्यांतला फरक म्हणजे कडेचं ऊन, आरशांच्या हाती न लागणारं. फरक जितका मोठा, तितकी वीज कमी. शाळेतल्या मुलीला कळेल इतकं हे सोपं आहे आणि त्यावर मी दोनशे पानांचा अहवाल लिहिला आहे. तो शुक्रवारी जायचा होता. आज मंगळवार.

स्कूटर दारव्हा रोडला लागली तेव्हा सूर्य पाठीमागे गेला होता, पण तो पांढरा डाग डोळ्यांतून जाईना आणि त्याच्या मागोमाग गंगीचा आवाज येत होता. गंगी म्हणजे त्या माळाला लागून असलेल्या बंजारा तांड्यातली बाई, पंचेचाळिशीची, नवरा धरमसिंग पिकअप चालवतो. मोजणी सुरू झाली त्या वर्षी दोन्ही नळ्यांच्या काचा रोज सकाळी पुसायचं काम तिला दिलं होतं. रुंद नळीची काच सहज पुसता येते. अरुंद नळीची खोल आत असते, बोटाला फडकं गुंडाळून आत घालावं लागतं आणि हलक्या हाताने फिरवावं लागतं. हे मी तिला फोनवर शिकवलं, व्हिडिओ पाठवून. मागच्या थंडीत, डिसेंबरापासून, फरक वाढायला लागला. माझ्याकडे एका मोठ्या प्रयोगशाळेची जुनी नोंद होती, कुठल्याशा वाळवंटातली, तिथे थंडीत फरक शंभरात दोन-तीनच्या वर जात नसे. आमच्याकडे नऊ, दहा. मी आकडे चाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहिली होती: फरक सहाच्या वर गेला तर अरुंद नळीची काच अस्वच्छ समजावी आणि तो दिवस वगळावा. एकच ओळ. लिहायला अर्धं मिनिट लागलं असेल. त्या ओळीने त्रेचाळीस दिवस वगळले, आणि प्रत्येक वेळी मी गंगीला फोन केला. सुरुवातीला ती नुसतं "हौ बाई" म्हणायची. मग एकदा म्हणाली, "पुसली न बाई मी. काच मळली नाई, वरतंच मळलं हाये." मी हसले. अगदी प्रेमाने हसले, हे मला आज नको इतकं स्पष्ट आठवतं. म्हटलं, "बरं, पण पुन्हा एकदा नीट पुसा." ती म्हणाली, "किती पुसू? काच हाये, भांडं नाई." फेब्रुवारीच्या शेवटी सरांनी तिला काढलं. तांड्याच्या नायकाला, तिथल्या प्रमुखाला, रीतसर पत्र गेलं, त्यात हलगर्जीपणा हा शब्द होता. मसुदा माझा होता. अहवालाच्या शेवटी जोडपत्रातही तेच वाक्य आहे, जरा सभ्य करून: देखभालीसाठी नेमलेल्या स्थानिक महिलेने काच स्वच्छ न ठेवल्यामुळे त्रेचाळीस दिवसांच्या नोंदी ग्राह्य धरलेल्या नाहीत.

तिच्या जागी नायकाचा पुतण्या बादल आला, तांड्यात त्याचं किराणा दुकान आहे. मार्चमध्ये फरक उतरला, एप्रिलमध्ये अडीचवर आला. सर म्हणाले, "बघ, माणूस बदलला आणि आकडे सुधारले." मलाही बरं वाटलं होतं, आपण कुणावर अन्याय केला नाही याचा पुरावा आयता हातात आला की माणसाला बरं वाटतंच. पण मार्चमध्ये माणूसच तेवढा बदलला नव्हता, वाराही बदलला होता. थंडीत शेतातली कापसाची पऱ्हाटी जळते, विटांच्या भट्ट्या धुमसतात, घराघरांपुढे शेकोट्या असतात आणि तो सगळा धूर वाऱ्याअभावी माळावर बसून राहतो. पहाटेचं दव त्याच्या कणांवर चढतं, कण फुगतात आणि ऊन सूर्याभोवती फेकतात. हे मी पुस्तकात वाचलेलं आहे. परीक्षेत लिहिलेलं आहे. आणि या डिसेंबरात, बादल काच पुसत असताना, फरक पुन्हा नवावर गेला तेव्हा मी चहा पिता पिता सरांना काय म्हटलं? म्हटलं, "ह्यांचं असंच असतं सर. चार महिने नीट करतात." ह्यांचं म्हणजे कुणाचं ते सरांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आमच्यासारख्या तीन पिढ्या कचेरीत गेलेल्या घरांत ते विचारावं लागत नाही. आता स्कूटरवर ते वाक्य माझ्याच आवाजात परत ऐकू येत होतं आणि मला त्याची इतकी लाज वाटली की एमआयडीसीचं वळण मागे गेलं हेही पुढच्या गतिरोधकावर आदळल्यावर कळलं.

ऑफिसात पोचल्यावर मी ते त्रेचाळीस दिवस पुन्हा उघडले. मला आकड्यांकडून कबुली हवी होती. आकडे असल्या वेळी फार साळसूद होतात. फरक वारा पडलेल्या सकाळी जास्त होता. पण वारा नसला की काचेवर दवही जास्त बसतं. फेब्रुवारीच्या बारा तारखेला अवकाळी पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी फरक तीनवर आला. पावसाने हवा धुतली म्हणावं तर त्याने काचही धुतली असेल. दुपारी फरक कमी व्हायचा, ते दोन्ही बाजूंनी खपत होतं. दोन तास मी साक्षीदारांना उलटसुलट प्रश्न विचारावेत तशी त्या रकान्यांना विचारत बसले आणि एक गोष्ट तेवढी कळली, की खुर्चीत बसून हे कधीच कळणार नाही. वर्षभरापूर्वीही कळण्यासारखं नव्हतं. तरीही मी ते कळल्यासारखं लिहिलं होतं.

सरांना सांगितलं तेव्हा ते डबा उघडत होते. चारुदत्त सर वाईट माणूस नाहीत. पुण्याची नोकरी सोडून ते गावी परत आले, ऑफिस उभं केलं, मला शिकवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शाल्मली, समजा तू म्हणतेस ते खरं आहे. ते दिवस परत घातले तर वर्षाचा आकडा किती उतरेल?"

"साडेतीन टक्के. थंडीतला तर सातच्या वर."

"म्हणजे ते लोक प्रकल्प राजस्थानला नेतील."

"नेऊ देत. इथे बांधला आणि थंडीत चालला नाही, तर?"

"अगं, नाही म्हणतो का मी? एक ओळ घालू. थंडीतल्या अंदाजात अनिश्चितता आहे. सगळेच घालतात."

"आणि गंगीबाईंचं वाक्य?"

त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. त्यांना नाव पटकन आठवलं नाही, हे मला दिसलं. "कोण? ती काचवाली? ते वाक्य कोण वाचतंय. काढून टाक हवं तर."

काढून टाक. एक बटण दाबलं की वाक्य जातं, मागे डागसुद्धा राहत नाही. मी मान हलवली आणि माझ्या खुर्चीवर येऊन बसले. वाक्य कागदावरून काढता येत होतं, पण ते तांड्यात वाचलं गेलेलं होतं, तिथून कोण काढणार? संध्याकाळी घरी आले तर बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. माझे बाबा, नीळकंठ, भूमी अभिलेखातून निवृत्त झाले. छत्तीस वर्षं जमिनी मोजल्या, मुकुटबनपासून उमरखेडपर्यंत, आणि अजूनही रस्त्याने जाताना लोकांची कुंपणं नजरेने सरळ करत असतात. मी त्यांना सगळं सांगितलं, पण स्वतःला जरा सोयीचं होईल असं. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "त्या बाईने हरकत घेतली होती?"

"हरकत म्हणजे... फोनवर म्हणाली होती. काच नाही, वरचं मळलं आहे म्हणून."

"मग ती हरकतच झाली न. नोंदवली कुठे?"

"नाही नोंदवली."

"आणि फेरमोजणी?"

मी चप्पल काढायला वाकले. त्यांच्या धंद्यात हे देवपूजेसारखं होतं. कुणी म्हणालं मोजणी चुकली, की तो खोटारडा असो, भांडखोर असो, पिऊन आलेला असो, तारीख द्यायची, दोन्ही बाजूंना नोटीस द्यायची, पंच उभे करायचे आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मोजणीची साखळी पुन्हा टाकायची. मी लहान असताना एकदा त्यांच्याबरोबर गेले होते, झरीकडे. एक म्हातारा बांधावर उभा राहून बाबांना शिव्या देत होता आणि बाबा मुकाट्याने त्याच्याच हाती साखळीचं टोक देत होते. मला तेव्हा बाबांचा राग आला होता, एवढं ऐकून का घेतात म्हणून. त्या दिवशी म्हाताऱ्याची जमीन खरंच दीड हात कमी निघाली की नाही ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की परतताना तो शिव्या देत नव्हता. बाबा आता शालीत हात घालून म्हणाले, "तू गेली होतीस का तिकडे? यंत्र बसल्यावर?"

"नाही."

"एकदाही?"

"चाळीस किलोमीटर आहे बाबा. सगळं मोबाइलवर येतं."

"हं," ते म्हणाले. आणखी काही म्हटलं असतं तर मी भांडले असते. रात्री जेवताना मी आईला सांगून टाकलं की उद्या सकाळी आर्णीला जाते आहे.

सकाळी निघाले तेव्हा एकच भीती होती, वारा सुटायची. वारा सुटला, आकाश धुऊन निघालं, तर मी पुसलेल्या काचेने काहीच सिद्ध झालं नसतं. पण घाटातून खाली पाहिलं तेव्हा शेतांवर धूर सतरंजीसारखा अंथरलेला होता आणि मी, जिने स्वच्छ आकाशासाठी पगार घ्यावा, तो धूर बघून खूश झाले. मग दुसरी भीती आली, ती जास्त खोल होती. काच पुसल्यावर फरक मिटला तर? बादलने पुसली नसेल आणि तेव्हा गंगीनेही पुसली नसेल तर? मग माझा अहवाल बरोबर ठरत होता, माझी ती ओळ बरोबर ठरत होती, "ह्यांचं असंच असतं" हेसुद्धा बरोबर ठरत होतं. स्कूटर चालवता चालवता मला कळलं की आपण बरोबर ठरू नये असं मला वाटतं आहे. आयुष्यात पहिल्यांदाच. शाळेपासून माझं सगळं बरोबर येत गेलेलं. पहिला नंबर, सुवाच्य अक्षर, बाईंच्या वहीत मीच खुणा करायची. एखादी गोष्ट चुकावी म्हणून जीव टांगणीला लागणं काय असतं ते मला माहीत नव्हतं. आर्णी मागे पडली, डांबर संपलं, माळावर यंत्राचा पांढरा खांब दिसला. फोटोत दिसतो त्याच्यापेक्षा तो लहान होता.

गंगी घरापुढे तुरीच्या शेंगा बडवत होती. मला तिने ओळखायचं कारण नव्हतं, पण हाक मारली तशी आवाजावरून ओळखलं. काठी खाली ठेवली नाही. "बसा," म्हणाली आणि स्वतः उभीच राहिली. मी आल्या वाटेवर जुळवलेली वाक्यं सगळी विसरले आणि म्हटलं, "गंगीबाई, मला वाटतं तुम्ही काच रोज पुसत होता. चूक माझी झाली असं मला वाटतं."

"वाटते?"

"म्हणजे... अजून खात्री नाही."

"वाटूनच तं काढलं होतं मले," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आता वाटून परत सांगाले आल्या काय? अन् मले कायले सांगून राह्यल्या बाई? मले तं तवाच मालूम होतं."

मी म्हटलं, मी आत्ता स्वतः काच पुसून बघते, तुमच्यासमोर. पुसूनही दोन आकड्यांत तेवढाच फरक राहिला तर दोष काचेचा नाही, आकाशाचा. तिने काठी भिंतीला टेकवली. शेंगांचा कचरा लुगड्यावरून झटकला. "माह्यासमोर नका पुसू," म्हणाली. "ज्याइले मालूम नाई त्याइच्यासमोर पुसा. चिठ्ठी नायकाच्या दारात वाचली होती, सगळा तांडा होता. हापशीवर बाया अजून म्हनतात, गंगीले काच नाई पुसता येत, हिच्या हातचं पानी कायले पेता. हासून म्हनतात. पर म्हनतात." आणि ती चालायलाच लागली, नायकाच्या घराकडे, मी मागे येते की नाही हे न बघता.

नायक रामलाल म्हणजे सत्तरीचा उंच माणूस, ओट्यावर रेडिओ ऐकत बसलेला. त्याने ऐकून घेतलं आणि दोन माणसं पाठवून आणखी दहा-पंधरा बोलावली. बादल दुकान बंद करून आला. त्याचा चेहरा पाहून माझ्या लक्षात आलं की तो भ्यायला आहे, आज काच मळकी निघाली तर नाव त्याचं जाणार होतं. गंगी त्याला त्यांच्या गोरबोलीत, बंजारा भाषेत, काहीतरी म्हणाली, तसा तो खांबापासून लांब होऊन उभा राहिला. सगळे यंत्राभोवती गोल करून. मी खाली बसून खांबाच्या पायाशी असलेल्या पेटीच्या पडद्यावरचे दोन आकडे मोठ्याने वाचले: रुंद नळी सहाशे बारा, अरुंद पाचशे त्रेपन्न. फरक एकोणसाठ, म्हणजे शंभरात नऊ-दहा. नायकाने एकाला ते जमिनीवर काडीने लिहायला सांगितलं. मी गंगीला म्हटलं, फडकं कसं धरायचं ते दाखवता का? ती दोन पावलं मागे सरकली. "मी हात नाई लावत. मंग म्हनान गंगीनंच काई केलं."

तेव्हा मीच लावला. पाण्याने ओलं केलेलं पांढरं फडकं बोटाला गुंडाळलं आणि अरुंद नळीत घातलं. व्हिडिओत मी हे किती सहज सांगितलं होतं. प्रत्यक्षात नळी सूर्याकडे तोंड करून असते, तुम्हाला तिच्या आणि सूर्याच्या मधे यावं लागतं, हात डोक्याच्या वर धरावा लागतो, लोखंड बर्फासारखं थंड, बोट काचेपर्यंत पोचतं न पोचतं आणि फिरवताना मनगट लचकतं. एका मिनिटात खांदा भरून आला. हे गंगी पाच महिने रोज करत होती आणि वर माझा फोन घेत होती. मी काच ओल्या फडक्याने पुसली, कोरड्याने पुसली, फडकं बाहेर काढून सगळ्यांना दाखवलं. जवळजवळ पांढरंच होतं, एक फिकट करडी रेघ तेवढी. बादलने सोडलेला श्वास मला ऐकू आला. मग रुंद नळीची काच पुसली. मग पुन्हा अरुंद नळीची, कारण कुणीतरी मागून म्हणालं, "अजून एकडाव पुसा, उगाच नको." मी बाजूला झाले. यंत्राला स्थिर व्हायला मिनिटभर लागतं. त्या मिनिटात नायकाच्या घरातला रेडिओ लांबून ऐकू येत होता. पडद्यावर आकडे चढत होते, मी गुडघ्यांवर बसून बघत होते. रुंद सहाशे पंधरा. अरुंद पाचशे छप्पन्न. काडीवाल्याने वजाबाकी केली, पुन्हा केली आणि म्हणाला, "एकोनसाठ."

नायक म्हणाला, "म्हनजे काच साफच होती."

"हो. आज होती." मी उठून उभी राहिले. "आणि मागच्या वर्षीचं आकाश असंच होतं, फरकही एवढाच होता. गंगीबाईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मी इथे आलेही नाही."

तिथूनच मी सरांना फोन लावला, सगळ्यांसमोर, कारण एकटीने लावला असता तर मी गुळमुळीत बोलले असते हे मला माझं ठाऊक होतं. सांगितलं की त्रेचाळीस दिवस परत घालते आहे, यंदाचेही, आणि जोडपत्रात लिहिते आहे की काच स्वच्छ होती, नोंदी चुकीने वगळल्या, वगळणारी मी. सर बराच वेळ बोलले. प्रकल्प, शुक्रवार, दोन वर्षांची मेहनत. सगळं खरं होतं. मी म्हटलं, "सर, अहवालावर मोजणी करणाऱ्याची सही लागते. या आकड्याखाली मी करते. जुन्या आकड्याखाली नाही करणार." ते म्हणाले, "संध्याकाळी ऑफिसला ये, बोलू." ते मला काढतील की आकडा मान्य करतील ते मला सांगता येत नव्हतं. फोन ठेवला तर गंगी माझ्याकडे पाहत होती. तिला सरांशी काही देणंघेणं नव्हतं.

"चिठ्ठी लिवा," ती म्हणाली.

बादलने दुकानातून वही आणून दिली. ओट्यावर बसून मी लिहिलं. मला सवय आहे ती भाषा हाताला येत होती, असे आढळून आले, तांत्रिक कारणास्तव. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं की मी, शाल्मली, हिने गंगीबाई धरमसिंग यांच्यावर हलगर्जीपणाचा आरोप लिहिला, तो खोटा होता. त्या रोज काच नीट पुसत होत्या. त्यांनी खरं कारण सांगितलं होतं आणि मी ते हसण्यावारी नेलं. मी यवतमाळात बसून, न बघता, त्यांना दोष दिला. आज तांड्यासमोर काच पुसून खात्री केली आहे. खाली सही, तारीख. नायकाने कागद हातात घेतला, लांब धरला आणि मोठ्याने वाचला, अडखळत, एकेक शब्द सोडवत. लोक वाढले होते. हापशीवरच्या बायाही असाव्यात, डोक्यावर हंडे होते. "हसण्यावारी नेलं" इथे कुणीतरी खाकरलं. मी सबंध वेळ ओट्याच्या शेणसारवणाकडे पाहत होते. वाचून झाल्यावर नायकाने कागदाची घडी घातली आणि गंगीपुढे धरली. मला वाटलं, झालं.

गंगीने कागद घेतला नाही. "अजून एकडाव वाच नायका," ती म्हणाली. "पयली चिठ्ठी दोनदा वाचली होती. मांगच्या लोकाइले आयकू नाई आलं म्हनून."

नायकाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "वाचा." त्याने घडी उलगडली, कागद पुन्हा लांब धरला आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात केली, मघापेक्षा मोठ्या आवाजात. या वेळी मी मान वर ठेवली आणि मागे उभ्या असलेल्यांपर्यंत माझं नाव जाऊन पोचलं.